राणीछाप अर्काचा रांजण

१

खामगावात मी चारेक महिने नोकरी केली आणि त्यातला बराच वेळ सह्या करण्यात घालवला. महाराष्ट्र होऊन नुकतंच एक वर्ष झालं होतं. औषध बनवायचं तर परवाना हवा आणि परवान्यावर शिकलेल्या माणसाचं नाव हवं, असं सरकारने उत्तमरावांच्या मागे लावून दिलं होतं. उत्तमराव म्हणजे राणीछाप अर्काचे मालक. मी नागपूरहून औषधशास्त्राची पदवी घेऊन नांदुऱ्याला घरी माशा मारत बसलो होतो. त्यांना नाव हवं होतं, मला नोकरी. वैशाखात मी बायकोला घेऊन खामगावात बिऱ्हाड केलं.

राणीछाप काय आहे हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नसे. रुईच्या गाठी इथून विलायतेला जात त्या काळात उत्तमरावांच्या आजोबांनी तो अर्क एका गोऱ्या साहेबाच्या बाटलीवरून उचलला आणि लेबलावर राणी व्हिक्टोरियाचं चित्र लावलं. राणी गेली, तिचं राज्यही गेलं, पण लेबलावर ती गाल फुगवून बसलेलीच होती. तिच्याखाली चौतीस दुखण्यांची यादी: पोटशूळ, पटकी, हिवताप, दाढदुखी, अंगावरून जाणं, विंचवाचा दंश, बैलाचं पोट फुगणं आणि सगळ्यात शेवटी मनाची उदासी. माणसाने चमचाभर प्यावा, दुखत्या जागी चमचाभर चोळावा, बैलाला अर्धी बाटली पाजावी. ही यादी पहिल्यांदा वाचून मी पोट धरून हसलो होतो. मग यादीखाली एक नवी ओळ छापून आली: ‘शास्त्रीय देखरेख: स. तु. इंगळे, पदवीधर केमिस्ट.’ ती वाचून मात्र हसू आलं नाही. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला किळस फार लवकर येते. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही. पंगतीत शेजारचा भुरका मारून कढी प्यायला लागला की माझं जेवण तिथेच संपतं. लोक याला नखरे म्हणतात. म्हणोत बापडे.

२

कारखाना म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे दुकान, मधे बाटल्यांची खोली आणि मागे रांजणाची. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. छपराच्या कवेलूंत एक काच बसवली होती, तिच्यातून दुपारी उजेडाचा चौकोन जमिनीवर पडायचा. भिंतींवर तेलकट ओल होती. जमीन फरशीची, एका कोपऱ्याकडे उतरती, आणि त्या कोपऱ्यात मोरीचं भोक. मधोमध दगडी ओट्यावर रांजण. साधा मातीचा नाही, साहेबाच्या वेळचा, भाजलेल्या चिनी मातीचा, तपकिरी, माझ्या छातीला लागेल इतका उंच. तोंडाला चौपदरी फडकं बांधलेलं आणि त्यावर लाकडी झाकण.

माल बनवायचा तुळशीराम. सत्तरीचा म्हातारा, कमरेत वाकलेला, बोलायला कंजूस. ओवा, पुदिना, सुंठ, लवंग यांचा काढा करायचा, त्यात गूळ, कापूर आणि थोडा मद्यार्क घालून रांजणात आंबत ठेवायचं. पंधरा दिवसांनी माल उपसायचा. पण सगळा नाही. तळाचा हातभर माल तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर नवा काढा ओतायचा. दह्याला विरजण लागतं, तसं.

मी विचारलं, “तुळशीराम, हा रांजण धुतला कधी होता?”

“कोणं?”

“कोणीही.”

त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “धुतला तर मंग इरजन कोठून आनसान साहेब?”

म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांत तो रांजण एकदाही रिकामा झाला नव्हता. मी स्वतःला समजावलं. मद्यार्क आहे, कापूर आहे, त्यात जंतू टिकत नाहीत. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं.

दर मंगळवारी मी नमुना काढून त्याची घनता मोजायचो. ज्येष्ठातल्या एका मंगळवारी फडकं सोडून वाकलो आणि नाकाला वास आला. आधी लवंग, मग कापूर, मग आंबलेला गूळ. या तिघांच्या खाली चौथा एक वास होता. झोपेतून उठलेला माणूस चूळ न भरता अगदी तोंडाजवळ येऊन बोलतो, तेव्हा येतो तो वास. कोमट, शिळा, किंचित गोड.

मी झटकन मागे झालो. रांजणातून आवाज आला, ‘गट्’. थोड्या वेळाने पुन्हा, ‘गट्’.

आंबणाऱ्या मालातून वायू सुटतो, बुडबुडा वर येतो, रांजणाच्या अरुंद गळ्यात फुटतो आणि आवाज होतो. मी हे तुळशीरामला नीट समजावून सांगितलं. मान डोलवून तो म्हणाला, “हाव.” आणि फडकं पुन्हा बांधायला लागला.

३

त्या वासाचं कारण आठ दिवसांत कळलं. निदान मला तसं वाटलं.

काचेची टंचाई होती, म्हणून रिकामी बाटली परत आणल्याशिवाय नवी मिळायची नाही, असा दुकानाचा नियम होता. परत आलेल्या बाटल्या मधल्या खोलीत जायच्या. तिथे सुगराबी त्या धुवायची. पन्नाशीची बाई, हाताची बोटं पाण्याने कायमची पांढरी पडलेली. एका दुपारी मी कशासाठी तरी आत गेलो. ती धुण्याआधी प्रत्येक बाटली एका जर्मनच्या भगुन्यात उपडी करत होती. बाटलीच्या बुडाशी राहिलेलं थेंब-दोन थेंब, कधी चमचाभर, ती त्यात ठिबकवून घ्यायची आणि मगच बाटली पाण्यात बुडवायची. भगुनं अर्धं भरलं होतं. वर तवंग होता. त्यात तंबाखूचे दोन कण तरंगत होते आणि भाताचं एक शीत.

“हे काय करून राह्यली सुगराबी?”

“दवा हाय ना साब. फेकली तर गुनाह लागते.”

“अन् याचं काय करतेस मंग?”

“छानून रांजनात टाकते. माह्या सासूपासून हेच चालू हाय.”

बाहेर पडून मी भिंतीशी उकिडवा बसलो. चमच्याने कोण पितं? बाटली तोंडाला लावतात. गावोगावचे आजारी लोक, फुटलेल्या ओठांचे, सडक्या दाढांचे, मरायला टेकलेले; बाटलीच्या गळ्याला तोंड लावून प्यायचे, उरलेलं थुंकीसकट परत यायचं, रांजणात जायचं आणि तिथून पुन्हा नव्या बाटलीत. वर माझं नाव. मेलेल्यांच्या घरूनसुद्धा बाटल्या यायच्या. त्या तर लवकर यायच्या.

मी तडक उत्तमरावांकडे गेलो. ते गादीवर लोडाला टेकून सुपारी कातरत होते.

“उत्तमराव, ही लोकांची उष्टी थुंकी आहे. आपण लोकांना थुंकी पाजतो आहोत.”

“काऊन तापून राह्यले इंगळे?” ते शांतपणे म्हणाले. “आमच्या आज्यानं केलं, बापानं केलं. लोकाइले गुन येते का नाई? येते. मंग? गुन आलेल्या मानसाच्या बाटलीतलं इरजन हाय ते. म्हनूनच येते.”

“मी सही करणार नाही.”

“नका करू. नाव तर छापलंच हाय.” त्यांनी सुपारी माझ्यापुढे केली. ती त्यांनी नुकतीच दातांनी फोडली होती. मी तिथून निघालो.

४

माझी बायको शालू उंद्रीच्या शेतकरी घरातली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आदल्या हिवाळ्यात सातव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं, आणि तेव्हापासून ती अंथरुणालाच लागल्यासारखी होती. दोन घास खायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. मी काही विचारलं की म्हणायची, “काई नाई होत मले.” मी डॉक्टर केले, लोहाची औषधं आणली, दुधाचा रतीब लावला. मी औषधशास्त्राचा पदवीधर, आणि घरात बायको वाळत चाललेली. याची मला फार लाज वाटे.

आषाढात ती सुधारायला लागली. सकाळी उठून सडा घालू लागली. ज्वारीच्या दोन भाकरी खाऊ लागली. एक दिवस मी कारखान्यातून आलो तर ती शेजारच्या गीताबाईंशी दारात उभी राहून हसत होती. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी स्वस्थ झोपलो. देवाधर्माचं मला विशेष नाही, पण हात जोडले.

पहिली खटकणारी गोष्ट अगदी क्षुल्लक होती. एका सकाळी ती मोरीवर खाकरली. लांब, खोल, छातीच्या तळापासून ओढून काढलेलं खाकरणं, जन्मभर चिलीम ओढलेल्या म्हाताऱ्याचं. मी पेपरातून डोकं वर काढलं. मोरीवर तीच होती. थुंकी टाकून तिने पालथ्या मुठीने ओठ पुसले, मिशा पुसाव्यात तसे.

सर्दी असेल, मी म्हणालो.

मग ती जेवताना आवाज करायला लागली. ती कधीच करत नसे. आता ओठ मिटत नव्हते, चघळलेला घास दिसायचा, आणि तोही एकाच बाजूने चघळायची, जणू दुसऱ्या बाजूच्या दाढा पडलेल्या आहेत. करंगळीचं नख वाढवून त्याने दात कोरायची आणि निघालेला कण पाहून पुन्हा तोंडात टाकायची. मला शिसारी आली, आणि बायकोची शिसारी आली म्हणून स्वतःचा राग आला. आजारातून उठलेलं माणूस आहे, भूक लागते, भान राहत नाही. अशी समजूत मी रोज घालत होतो आणि ती रोज कमी पडत होती.

श्रावणाच्या सुरुवातीला ज्वारीच्या कणगीमागे मला बाटली सापडली. गाल फुगवलेली राणी, चौतीस दुखणी आणि खाली माझं नाव.

मी ती तिच्यापुढे धरली. “शालू, हे कोणी दिलं तुला?”

“गीताबाईनं आनून देल्ली.”

“किती प्यालीस?”

“चवथी चालू हाय. रिकामी वापस केली का नवी भेटते.” मी ओरडायला लागलो तेव्हा तिला खरंच कळेना की मी का ओरडतोय. ती बाटलीवरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “अहो, तुमचं नाव हाय ना यावर. डाक्टराच्या दवाईवर कुठं तुमचं नाव होतं? म्हनून तर पेली मी.”



५

मी बाटली फोडली. गीताबाईंना दारात उभं करायचं नाही अशी ताकीद दिली. वाटलं, चार दिवसांत उतरेल.

उतरलं नाही. अंगाने ती ठणठणीत होती, गालांवर रंग होता. पण शालू मात्र दिवसेंदिवस कमी होत चालली. दुसरा शब्द मला सुचत नाही. सकाळी असायची, मला “चहा ठेवू का” विचारायची, दुपारपर्यंत नसायची. दुपारी घरात कोण असायचं ते मला सांगता येणार नाही. कधी उंबऱ्यावर फतकल मारून तळहातावर तंबाखूला चुना चोळणारं कोणीतरी असायचं. कधी ओला, बाळंतिणीसारखा कण्हणारा आवाज. एकदा ती भिंतीला डोकं टेकून अर्धा तास नुसती ओठ चाटत होती.

एका दुपारी डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आलो. ती आरशासमोर बसली होती. तोंड होतं तितकं उघडलेलं, दोन बोटं आत, आणि ती दात मोजत होती. लाळ मनगटावरून कोपरापर्यंत आली होती. मला पाहून तिने बोटं बाहेर काढली आणि त्रासलेल्या आवाजात म्हणाली, “इतले दात नव्हते मले बे.”

नवऱ्याला ‘बे’ म्हणणारी बाई मी आमच्याकडे पाहिलेली नाही. शालूने तर मला कधी नावानेसुद्धा हाक मारली नव्हती. मी तिच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं. “शालू! शालू, कुठं आहेस तू?” तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, वर येऊ पाहिलं आणि पुन्हा बुडालं. तिच्या तोंडाचा वास माझ्या नाकात गेला. तोच, लवंगेच्या खालचा.

मला माझी बायको परत हवी होती. नोकरी, नाव, पदवी खड्ड्यात जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीरामला रांजणाच्या खोलीत गाठलं. तो काढा ढवळत होता.

“तुळशीराम, तू हा अर्क कधी पेला?”

“म्या? नाई बा.”

“काऊन?”

“काम करतो ना इथं.” त्याने ढवळणं थांबवलं नाही.

मी त्याला घरचं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने काढ्यात मूठभर ओवा टाकला. मग म्हणाला, “ज्यानं पेलं त्याचं थोडंसं बाटलीच्या बुडाशी राह्यते. ते इथं येते. इथून दुसऱ्याले जाते. एक बाटली पेनाऱ्याले काई होत नाई, त्याचं जाते बी थोडं अन् येते बी थोडं. चार म्हनजे लय झाल्या.”

“हा रांजणच फोडून टाकतो मी.”

आता मात्र त्याने हात थांबवला. “हात लावू नका साहेब. तुमच्या घरचं बी हाय त्यात आता.”

मला वाटलं, म्हातारा मला पगाराची आठवण करून देतोय. मालकाचं मीठ खाल्लेला माणूस, दुसरं काय बोलणार? शिवाय मी शिकलेला होतो. म्हाताऱ्याच्या बोलण्यातलं मला हवं तेवढं मी घेतलं: रोग या रांजणात आहे. रोगाचं मूळ काढलं की रोगी सुटतो. पुस्तकात तेही लिहिलेलं होतं.

६

पोळ्याला कारखाना बंद असायचा. दुपारी सगळं गाव बैलांच्या मागे होतं. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, वाजंत्री, धूळ. नमुन्यासाठी मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असे. बाटल्यांच्या खोलीला कुलूप होतं आणि तिची किल्ली उत्तमरावांच्या कमरेला.

मी एक पहार घेऊन आत गेलो आणि दार ओढून घेतलं. वाजंत्रीचा आवाज एकदम लांब गेला. उजेडाचा चौकोन रांजणाच्या पोटावर पडला होता. माल परवाच उपसला होता, म्हणजे आत निम्म्याहून कमी होता. फोडण्याआधी एकदा आत पाहावं असं मला का वाटलं कोण जाणे. मी झाकण काढलं, फडकं सोडलं आणि काडी पेटवून आत वाकलो.

माल खाली गेल्यामुळे आतली बाजू उघडी पडली होती. भाजलेली चिनी माती गुळगुळीत असते. ही नव्हती. आतून गुलाबी, ओला थर होता, आणि त्याला आडव्या वळ्या होत्या, एकीखाली एक. आपली जीभ वर लावून टाळूवरून फिरवली की ज्या लागतात त्या. काडीची ऊब लागली तिथे थर जरासा आवळला. मग खाली अंधारात, ‘गट्’.

काडी बोटांना भाजली. मी मागे सरकलो आणि तिथेच ओकलो. गाळ साचला आहे, बुरशी आहे, गुळावर धरते तसली, मी मोठ्याने म्हणालो. मग पहार उचलली आणि होती नव्हती ती ताकद लावून रांजणाच्या पोटात घातली.

तिसऱ्या घावाला तो बुडापाशी फुटला. कोमट पातळ लोंढा माझ्या पायांवरून गेला. वासाने डोळ्यांना पाणी आलं. फरशी उतरती होती, सगळं मोरीकडे धावलं. मी धापा टाकत उभा होतो आणि मला बरं वाटत होतं. आता घरी जायचं, आता शालू—

“अहो,” शालू म्हणाली. “जपून. पाय घसरन तुमचा.”

आवाज फरशीवरून आला. माझ्या पावलांपासून मोरीकडे जाताना आला. काळजीचा, हळू, खरोखरचा तिचा आवाज, जो मी दोन महिन्यांत असा अख्खा एकदाही ऐकला नव्हता.

मी मोरीकडे झेप घेतली आणि घसरून पडलो. सदरा फाडून भोकात कोंबला. कोपऱ्यात तळं साचलं. मोरीच्या पाइपातून, खालून, लांबून काहीतरी बोलत गेलं, ते मला ऐकू आलं नाही. जे अडलं होतं ते सदऱ्यातून झिरपत होतं. रांजणाच्या खापऱ्या झाल्या होत्या. मी बाटल्यांच्या खोलीचं दार लाथांनी बडवलं, ते हललं नाही. भगुनं आत, बाटल्या आत. ओंजळीत घेतलेलं बोटांतून गळत होतं. ठेवायला जागा नव्हती.

जागा एकच होती.

त्या तळ्यात तंबाखू होती, माझी ओकारी होती, त्या गुलाबी थराचे तुकडे होते. मी गुडघ्यांवर बसलो, ओंजळ तोंडाला लावली आणि गिळलं. पोट उसळून वर आलं, ते दाबून धरलं. दुसरी ओंजळ. मग ओंजळीला वेळ लागतो म्हणून फरशीलाच तोंड लावलं, ढोरासारखं. गुळगुळीत काहीतरी घशात अडकलं आणि आपण होऊन खाली गेलं. “शालू, ये,” मी मधेमधे म्हणत होतो. फरशी कोरडी होईपर्यंत मी चाटत होतो.

७

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचा उजेड होता. बैल घरोघर पूजेला थांबले होते. रस्त्यात दोघा-तिघांनी मला हटकलं, मी तोंड घट्ट मिटून चालत राहिलो. उघडलं आणि ती सांडली तर?

तिने पाट मांडला होता. पोळ्याचं पुरण केलं होतं. माझ्या उघड्या अंगाकडे तिने पाहिलं. ताट वाढलं आणि समोर भिंतीला टेकून, एक पाय पसरून बसली. आता तिच्यात सकाळचीसुद्धा शालू उरलेली नाही हे मला बसल्या जागी कळलं. चेहरा तिचा होता, कपाळावरचं कुंकू तिचं होतं, आणि त्याच्यामागे अनोळखी माणसांनी भरलेलं घर होतं.

पोळीचा तुकडा तोडून मी तोंडात घातला. मला चव कळत नव्हती.

“पुरन कच्चं राह्यलं वो,” माझं तोंड म्हणालं. “दाळ अजून शिजू द्याची होती.”

आवाज माझा होता. बोलणं शालूचं होतं. नव्या हाताने केलेला स्वयंपाक पाहून ती अशीच, नाक न मुरडता, नुसतं सांगायची. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी आणखी काही यायची वाट पाहिली. घशात खूप गर्दी होती. कोणीतरी खालून तिला मागे ओढत होतं.

ते बोलणं ओळखून समोरची बाई ताठ झाली. गुडघ्यांवर रांगत ती माझ्यापर्यंत आली आणि माझी हनुवटी दोन्ही हातांत धरली. तिने अंगठ्याने माझा खालचा ओठ खाली केला आणि आत पाहिलं. मग अगदी जवळ तोंड आणून, भीत भीत तिने आत हाक मारली.

“शालू? वो शालू?”

मी घास थुंकून टाकला आणि तोंड उघडं ठेवून बसलो. आम्ही दोघंही ऐकत होतो.